उपटेल त्याची पऱ्हाटी

दाऊदभाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते कोपरापर्यंत लगद्यात हात घालून उभे होते आणि शेजारी आमचा नवा इंजिनिअर आकाश मीटर धरून उभा होता. मीटर म्हणत होतं, लगदा तयार आहे. दाऊदभाई म्हणत होते, नाही. आकाशनं मीटर पुसून पुन्हा बुडवलं, आकडा तोच आला. दाऊदभाईंनी हात बाहेर काढला, बोटं एकमेकांवर घासली आणि अजून अर्धा तास कुटा म्हणून सांगितलं. अर्धा तास कुटला. त्या दिवशीचे पॅकिंगचे ट्रे पहिल्यांदाच उंचावरून टाकल्यावर फुटले नाहीत. आकाश शहाणा. त्यानं मीटर पेटीत ठेवलं आणि सगळ्यांना चहा सांगितला.

'पहिल्यांदा नीट पाहिलं' असं म्हणालो खरा, पण त्याआधी अकरा वर्षं आम्ही एकाच कंपनीत होतो, एकाच बसनं क्रांती चौकातून वाळूजच्या एमआयडीसीत जात होतो. खरेदी विभागातल्या माणसाला मशीनवरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, त्याला फक्त मालाची मागणी दिसते. हा माझा दोष. या हकिगतीत माझे दोष बरेच येणार आहेत, तेव्हा सुरुवातीपासून सवय केलेली बरी.

आमची कंपनी थर्माकोलचं पॅकिंग करायची. मोटारपंप, मिक्सर, गाड्यांचे दिवे खोक्यात हलू नयेत म्हणून कोपऱ्यात बसवतात ते पांढरे तुकडे. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. आम्ही तीसेक वर्षं हवा विकली आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं की दोन वर्षांत थर्माकोल बंद करा, मातीत मिसळेल असं काहीतरी द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडं जातो. आमच्या साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून हे वाचून दाखवलं. बासष्ट माणसं होतो. वाचून झाल्यावर साहेबांनी विचारलं, कागदाच्या लगद्यातलं कुणाला काही कळतं का? मागच्या बाकावरून दाऊदभाईंनी हात वर केला.

दाऊदभाई मूळचे कागजीपुऱ्याचे. दौलताबादचा किल्ला मागं टाकून खुलताबादच्या घाटाला लागलं की हे गाव येतं. तिथं पिढ्यान् पिढ्या हातानं कागद केला. चिंध्या भिजवायच्या, चुन्यात मुरवायच्या, कुटायच्या, हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलायच्या. दाऊदभाईंचे वडील ते करायचे, आणि दाऊदभाई एकोणिसाव्या वर्षी ते सोडून वाळूजला थर्माकोलच्या साच्यावर लागले, कारण हातकागदावर घर चालत नव्हतं. वडिलांनी अडवलं नाही. मात्र मरेपर्यंत पोराला एकदाही विचारलं नाही की तू तिकडं काय करतोस. हे मला दाऊदभाईंनीच सांगितलं, बसमध्ये, खिडकीतून बाहेर बघत. "कुणी विचारलं तर अब्बा म्हणायचे, पोरगा एमआयडीसीत हाय. काय बनवतो, ते सांगायचे नाय. शरम वाटायची त्यांना."

तेव्हा लगद्याचं काम मिळालं म्हटल्यावर या माणसाला किती आनंद झाला असेल ते मी वेगळं सांगायला नको. पन्नाशीतला माणूस शाळेतल्या पोरासारखा लवकर कामावर यायला लागला. सुरुवात रद्दीपासून झाली, पण रद्दीचा तंतू आखूड, आधीच दोन-तीनदा कुटलेला. पंपाचं वजन त्याला पेलेना. लांब तंतू हवा होता. मग एका दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि विचारलं, तुमच्याकडं कापूस पिकतो ना? म्हटलं, पिकतो. वेचणी झाल्यावर पऱ्हाटीचं, त्या वाळल्या झाडांचं, काय करता? मी म्हणालो, काय करणार, टाकाऊ आहे.

हा शब्द मी बोललो. साहेबांनी नंतर त्याचा फलक केला, गिऱ्हाइकानं त्याचं पुस्तक छापलं, पण शब्द माझा.

पऱ्हाटीचा लगदा करायला त्यांना आठ महिने लागले. कॉस्टिक सोड्यानं लवकर शिजली असती, पण मागं काळं पाणी राहतं आणि ते कुठं सोडायचं हा प्रश्न येतो. दाऊदभाईंनी सोडा लावू दिला नाही. वडील वापरायचे तो चुना घेतला, वेळ चौपट लागू दिला, आणि निथळलेलं पाणी परत हौदात फिरवलं. इथं माणसांना आठवड्यातून एकदा नळाचं पाणी, तिथं आपण लगद्याला किती द्यायचं, असं ते आकाशला सारखं ऐकवायचे. ट्रे पिवळट-तपकिरी व्हायचा, हाताला थोडा खरखरीत. साहेबांनी पहिला चांगला ट्रे घरी नेऊन देवघराशेजारी ठेवला. दाऊदभाईंनी एक नेला आणि वडिलांच्या कबरीवर ठेवून आले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, शहजादीभाभींनी, ईदेला गेलो तेव्हा हसत हसत सांगितलं, आणि दाऊदभाई लाजून उठून गेले.

आता माझं काम सुरू झालं. दिवसाला सहा टन पऱ्हाटी आणायची. मी खुलताबाद तालुक्यातला, घरची शेती आहे, भाऊ सत्यम ती बघतो. म्हणून पहिला करार आमच्याच गावात केला, पहिलं रान आमचंच. कंपनीचा ट्रॅक्टर यायचा, मुळासकट उपटायचा, तुकडे करून घेऊन जायचा. शेतकरी खूश. रान फुकटात मोकळं होतं, बोंडअळीचं घर जातं, वर टनाला पैसे मिळतात. गावात आमच्या साहेबांचा सत्कार झाला. 'टाकाऊतून टिकाऊ' असा फलक लागला, त्याच्याखाली मी फेटा बांधून उभा आहे. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसावा असं दर आठवड्याला वाटतं.

पुढच्या श्रावणात नव्या हंगामाचे करार करायला मी निघालो तर दाऊदभाई म्हणाले, मी पण येतो, पऱ्हाटी उभी असताना बघायची आहे. गावाच्या अलीकडं वस्तीजवळ गाडी चिखलात रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत उभं कुठं राहायचं, तेवढ्यात चतुरामावशीनं हाक मारली आणि आम्हाला घरात नेलं. चतुराबाई म्हणजे आमच्या रानात तीसेक वर्षं कापूस वेचणारी बाई. मी लहान असताना वेचणीला आई मला या मावशीच्या ओटीत बसवायची, एवढी जुनी ओळख. ती चहा ठेवायला बसली आणि घर धुरानं भरलं.

चुलीत ओली बाभूळ होती. ती पेटत नव्हती म्हणून मावशी खाली काही सारत होती. युरियाच्या पोत्याची पट्टी. बियाण्याची रिकामी चकचकीत पिशवी. आणि एक पांढरा तुकडा, थर्माकोलचा. तो आमच्याच कंपनीचा होता असं मी म्हणणार नाही, सगळे तुकडे सारखेच दिसतात. पण दाऊदभाईंनी तीस वर्षं ते केले होते. त्यांनी वाकून तो तुकडा चुलीतून बाहेर ओढला आणि विझवला. मावशीला वाटलं, पाहुण्याला वास सहन होत नाही. ती ओशाळली.

"गॅस हाय, दादा," ती मला म्हणाली, जणू मी तपासणीला आलो होतो. गॅसची टाकी खरंच होती, कोपऱ्यात, वर फुलांचं कापड घातलेलं. रोज पेटवायची ऐपत नव्हती, एवढंच. दाऊदभाईंनी विचारलं की आधी काय जाळायचात. ती त्यांच्याकडं बघतच राहिली. मग साधेपणानं म्हणाली, "पऱ्हाटी की. दुसरं काय?"

आणि तिनं सांगितलं ते मला सगळं माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. याचीच तर मला माझी चीड येते. आमच्याकडं रीत अशी, की कापूस संपला की वेचणाऱ्या बाया बुंधा धरायचा लोखंडी चिमटा घेऊन रानात येतात आणि पऱ्हाटी उपटून देतात. त्याची मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. उपटेल त्याची पऱ्हाटी. मालकाचं रान मोकळं, बाईची वर्षाची चूल भागलेली. दाराशी गंजी रचून ठेवायची, ती पुढच्या वेचणीपर्यंत पुरवायची. या रीतीचा कुठं कागद नाही, म्हणून करारात ती आली नाही. मी टाकाऊ म्हणालो तेव्हा खोटं बोलत नव्हतो. माझ्या डोक्यात जे विकलं जात नाही ते टाकाऊच होतं. आता मावशी सकाळी दोन तास डोंगराकडं जात होती, वेड्या बाभळीचे काटे हातात मोडून घेत होती. जंगलखात्याच्या माणसानं एकदा तिची कोयती काढून घेतली होती. खोकला तर आमच्यासमोरच चालू होता.

दाऊदभाईंनी चहा पूर्ण प्यायला. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाले, "इंद्रजीतभाऊ, तुम्हाला हे ठाव होतं?" मी म्हणालो, लक्षात नाही आलं. ते खरंच होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसरा कुणी असता तर हळहळून गप्प बसला असता. दाऊदभाई कामाला लागले. ट्रेला बळ देतो तो लांब तंतू पऱ्हाटीच्या सालीत असतो, आतलं लाकूड नुसतं भर घालतं. तेव्हा साल कंपनीनं घ्यावी आणि काड्या बायांना ठेवाव्यात, असं त्यांच्या डोक्यात आलं. वेचणी लवकर संपलेल्या दोन-चार रानांतून पऱ्हाटी मिळताच, दर शुक्रवारी, आमच्या आठवड्याच्या सुट्टीला, नमाज झाली की हा माणूस मोटरसायकलवर गावाला जायचा. अर्ध्या कापलेल्या पिंपात चुन्याचं पाणी करून पऱ्हाट्या भिजवायच्या आणि साल कशी ओढायची हे त्यांनी मावशीला आणि आणखी आठ बायांना शिकवलं. सोललेल्या काड्या धूरही कमी करायच्या. बाया खूश होत्या. त्या त्यांना कागदवाले भाई म्हणायला लागल्या.

पण नऊ बायांनी महिनाभर सोललेली साल मशीननं एका पाळीत संपवली. साहेबांनी ऐकून घेतलं. साहेब वाईट माणूस नाही, हे मला मुद्दाम लिहिलं पाहिजे, कारण वाईट माणूस असता तर सगळं सोपं होतं. ते म्हणाले, दाऊदभाई, मला सहा टन लागतात, तुम्ही टोपल्या दाखवताय. पुढं यंत्र शोधू, गावं वाढवू, पण या वर्षी नाही. मग दाऊदभाईंनी दुसरं मागितलं. ट्रॅक्टरनं दर चौथी ओळ सोडावी. तेवढ्यावर बायांची चूल अर्धीमुर्धी चालेल. साहेब म्हणाले, शेतकरी तयार असतील तर माझी हरकत नाही, इंद्रजीत, तू विचार.

मी विचारलं. फक्त सत्यमला विचारलं, बाकी कुणाला नाही. तो हसला. म्हणाला, घरी गॅस असताना तुला चुलीचा एवढा पुळका कशाला? चौथी ओळ सोडायची तर तिचे पैसे तुझी कंपनी देणार का? मी विषय तिथंच सोडला. दाऊदभाईंना सांगितलं की शेतकरी तयार नाहीत. एका माणसाचे मी शेतकरी केले.

जानेवारीत ट्रॅक्टर पुन्हा रानात शिरले. त्याच महिन्यात गिऱ्हाइकाची तपासणी ठरली. पुण्याहून एक बाई येणार होत्या. आमच्या ट्रेवर हिरव्या पानाची खूण छापायची की नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं, आणि खूण नाही तर ऑर्डर नाही. प्रश्न आधी पाठवले होते. त्यातला अकरावा असा: हा कच्चा माल तुम्ही घ्यायच्या आधी त्याचा काय उपयोग होत होता? लोक वापरत होते असं उत्तर आलं तर तो माल टाकाऊ धरत नाहीत. साहेबांनी आदल्या दिवशी दाऊदभाईंना आणि मला केबिनमध्ये बसवलं आणि उत्तर दिलं: शेतात पेटवून देत होते. आमच्या भागात काहीजण देतातही पेटवून, तेव्हा अगदीच खोटं नाही, असं ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, बासष्ट घरं आहेत, दाऊदभाई. दाऊदभाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतं ऐकलं म्हणून हलवली होती, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

तपासणीच्या बाई चांगल्या होत्या. घाईत नव्हत्या. पाणी कुठून येतं, कुठं जातं, चुना कुठला, सगळं स्वतः बघितलं. हौदापाशी आल्यावर दाऊदभाईंनी त्यांना लगदा हातात घेऊन दाखवला आणि बाईंनीही बाही सारून हात घातला. ते बघून मला वाटलं, निभावलं. मग त्यांनी वही उघडली आणि अकरावा प्रश्न विचारला, दाऊदभाईंकडं बघून.

दाऊदभाई म्हणाले, "जाळत होते, मॅडम. चुलीत. वेचणाऱ्या बाया न्यायच्या, वर्षभर त्यावरच सैपाक व्हायचा. आता आम्ही आणतो, तर त्या प्लास्टिक जाळतात. ते थांबवता येतं. मी करून बघितलंय. मला थोडी मुदत द्या."

साहेबांचा चेहरा मी बघितला नाही, पण आकाशचा बघितला. त्याचं लग्न दोन महिन्यांवर होतं. बाईंनी लिहायला सुरुवात केली, थांबल्या, आणि माझ्याकडं वळल्या. खरेदी तुम्ही करता ना, तुम्ही त्याच गावचे, असं आहे का?

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. वेळ मिळाला होता. चतुरामावशीचं तोंड डोळ्यांपुढं येण्याइतका वेळ मिळाला होता.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "बांधावर पेटवतो आम्ही. दाऊदभाईंनी एखादं घर बघितलं असेल. ते कागजीपुऱ्याचे, त्यांच्या घरी शेती नाही. त्यांना शेतीतलं काय माहीत?"

बाईंनी मी सांगितलं ते लिहिलं. त्यांची तरी काय चूक? शेतकऱ्याचा मुलगा सांगत होता. दाऊदभाई माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. लगद्यातून हात बाहेर काढल्यावर ते जसे बोटं चाचपून बघायचे, तसं बघत होते. मग त्यांनी हात पुसले आणि बाजूला झाले.

हिरव्या पानाची खूण मिळाली. ऑर्डर दुप्पट झाली. साहेबांनी मला बढती दिली आणि दाऊदभाईंना एका शब्दानं दुखावलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी स्वतः हौदापाशी जाऊन त्यांच्याशी बोलले. दाऊदभाई आणखी आठ दिवस आले. त्या आठ दिवसांत त्यांनी आकाशचा हात धरून त्याला लगदा शिकवला, पुरेपूर, काही हातचं न राखता. नवव्या दिवशी बसमध्ये त्यांची जागा रिकामी होती. राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, घरगुती.

बासष्ट घरं वाचली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, सारखं सांगतो, आणि घरी माझी बायको संस्कृती आता ते ऐकून उठून आत जाते.

या मे महिन्यात मी कागजीपुऱ्याला गेलो. काय बोलायचं ते जुळवून नेलं होतं. दाऊदभाई पत्र्याच्या शेडमध्ये हौदापुढं बसले होते, चटईवर कागद उचलत होते. लग्नपत्रिकांसाठी जाड कागद करून औरंगपुऱ्यातल्या दुकानांना देतात, म्हणाले. बरं चाललंय. भाभींनी सरबत आणलं. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मध्येच थांबवलं, हातातला ओला कागद फळीवर नीट उतरवून ठेवला आणि मग विचारलं, "चतुराबाईचा खोकला कसाय?"

मला माहीत नव्हतं. सणावाराला, लग्नाकार्याला चारदा गावी जाऊन आलो होतो, पण त्या वस्तीच्या वाटेनं गेलो नव्हतो. त्यांच्यापुढं पुन्हा खोटं बोलवेना, म्हणून म्हणालो, मी गेलोच नाही.

दाऊदभाईंनी मान हलवली. म्हणाले, तेव्हापासून मीही गेलो नाही, कोणत्या तोंडानं जाऊ, कागदवाले भाई म्हणतात त्या मला. आणि पुन्हा हौदात हात घातला.